गांधीलमाशीचा बाप

आपल्या मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात कार्नो आहे, ऑटो आहे, डिझेल आहे. तिघांच्याही सायकली आपण पंक्चर न होऊ देता परीक्षेपर्यंत ढकलत नेतो. पण ज्या माणसाच्या डोक्यातून निघालेलं यंत्र आपल्यापैकी कितीतरी जणांच्या अंगणात, निदान बाबांच्या किंवा आजोबांच्या काळात, उभं होतं, त्याचं नाव ना सिलॅबसमध्ये आहे ना व्हायवाला कोणी विचारत. कोरादिनो दास्कानिओ. नाव उच्चारायला अवघड आहे, कबूल. पण स्कूटर म्हटलं की जी आकृती डोळ्यासमोर येते, म्हणजे पुढे पाय झाकणारा पत्रा, मधे पाय ठेवायला मोकळी जागा आणि मागे दोन बाजूंना दोन फुगीर गाल, ती या इटालियन इंजिनिअरनं काढली. आणि गंमत अशी की या गृहस्थाला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. त्याचा सगळा जीव हेलिकॉप्टरमध्ये अडकलेला होता.

त्याच्याबद्दल लिहावंसं मला का वाटलं, त्याचं कारण राजूर घाटात सापडलं. ते पुढे येईलच. आधी त्याच्या गावाला जाऊन येऊ.

इटलीच्या मधल्या भागात आब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्यातलं पोपोली हे छोटं गाव. तिथे १ फेब्रुवारी १८९१ ला कोरादिनोचा जन्म झाला. राईट बंधूंनी डिसेंबर १९०३ मध्ये विमान उडवलं तेव्हा हा बारा वर्षांचा होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यानं पक्ष्यांच्या मागे लागून त्यांचं वजन आणि पंखांची लांबी यांचा हिशोब मांडला, आणि पंधराव्या वर्षी स्वतः एक ग्लायडर बनवून गावाजवळच्या टेकडीवरून ते उडवून पाहिलं. आपण पंधराव्या वर्षी दहावीच्या गाईड्स पाठ करत होतो. असो.

पुढे तो तुरीन शहरातल्या पॉलिटेक्निकमध्ये शिकायला गेला आणि १९१४ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाला (आपलीच ब्रँच!). लगेच पहिलं महायुद्ध पेटलं. तो लष्कराच्या विमानदळात दाखल झाला आणि त्याच्याकडे काम आलं ते विमानांच्या इंजिनांच्या चाचण्या घेण्याचं. इंजिन कशानं ताकद देतं आणि कशानं चोरतं, हे त्याला या टेस्ट बेंचवर उभं राहून कळलं. १९१८ मध्ये तो पोमिलिओ नावाच्या विमान कंपनीबरोबर अमेरिकेत इंडियानापोलिसला गेला. पण युद्ध संपलं, विमानांची मागणी आटली आणि १९१९ मध्ये तो पुन्हा पोपोलीला आला. शिक्षण परगावी, अनुभव परदेशी, आणि मुक्काम शेवटी गावातच. आपल्याकडच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको.

गावात बसून त्यानं जे हाती घेतलं ते मात्र साधं नव्हतं. १९२५ साली बॅरन पिएत्रो त्रोयानी या धनिकाला भागीदार करून त्यानं हेलिकॉप्टर बनवायची कंपनी काढली. तेव्हा जगात कुठेही धड चालणारं हेलिकॉप्टर नव्हतं. अडचण काय होती? वरचा पंखा एका दिशेनं फिरवला की खालचं धड उलट दिशेनं फिरायला लागतं. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही. दास्कानिओनं एकाच दांड्यावर एकावर एक असे दोन पंखे बसवले आणि ते एकमेकांच्या उलट फिरवले. एकाचा पीळ दुसऱ्यानं खाल्ला. पात्यांचा कोन बदलण्यासाठी त्यानं पात्यांना मागच्या बाजूला छोट्या फळ्या जोडल्या. त्या हलवल्या की हवाच पात्याला हवं तसं वळवे.

पहिली दोन यंत्रं काही जमली नाहीत. तिसरं जमलं. ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळच्या चंपीनो विमानतळावर मारिनेल्लो नेल्ली या वैमानिकानं ते उडवलं. १८ मीटर उंची, १०७८ मीटर अंतर, आणि हवेत सलग ८ मिनिटं ४५ सेकंद. आज हे आकडे वाचून हसू येईल, ड्रोनसुद्धा याहून वर जातं. पण त्या वेळचे ते जागतिक विक्रम होते आणि काही वर्षं कुणाला मोडता आले नाहीत. इगोर सिकोर्स्कीचं प्रसिद्ध हेलिकॉप्टर जमिनीवरून उठलं ते १९३९ मध्ये, म्हणजे तब्बल नऊ वर्षांनी.

मग आज हेलिकॉप्टरचा जनक म्हणून दास्कानिओचं नाव का नाही? उत्तर फारच ओळखीचं आहे. पैसे संपले. १९२९ ची जागतिक मंदी आली होती, सरकारी ऑर्डर मिळाली नाही आणि १९३२ मध्ये कंपनीचा गाशा गुंडाळावा लागला. यंत्र हवेत टिकलं, पण कंपनी जमिनीवर टिकली नाही. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण काळ हाच. वय एक्केचाळीस, जगात कोणाला न जमलेली गोष्ट करून दाखवलेली, आणि हातात काही नाही.

त्याच वर्षी तो पियाजो कंपनीत नोकरीला लागला. तिथे त्यानं विमानाच्या पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर काम केलं. हे काम नीट समजून घेण्यासारखं आहे. प्रोपेलरच्या पात्याचा कोन कायमचा एकच ठेवला तर ते विमान म्हणजे एकाच गिअरची गाडी. राजूर घाट चढताना टॉप गिअरमध्ये गाडी मरते आणि मोताळ्याच्या सपाट रस्त्यावर फर्स्ट गिअरमध्ये ती नुसतीच ओरडते. विमानाचंही तसंच. उडताना पातं कमी कोनात हवं आणि वर गेल्यावर वेगात जास्त कोनात. उडता उडता कोन बदलता येईल असे प्रोपेलर दास्कानिओनं बनवले आणि ते इटलीच्या विमानांवर बसले. शिवाय १९३७ पासून तो पिसा विद्यापीठात शिकवू लागला. विषय कोणता? मशीन ड्रॉइंग! ज्यांचे शीट अजून रिपीट होताहेत त्यांनी लक्षात घ्यावं, स्कूटर काढणारा माणूस ड्रॉइंगचा मास्तर होता.

दुसरं महायुद्ध आलं आणि पियाजोचा पोन्तेदेरा गावचा विमान कारखाना दोस्तांच्या बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला. इटली हरली. विमानं बनवण्यावर निर्बंध आले. हजारो कामगार बसून. रस्ते उखडलेले, पूल पडलेले, लोकांकडे पैसे नाहीत. मालक एनरिको पियाजोनं ठरवलं की आता स्वस्तात स्वस्त दुचाकी काढायची. त्याच्या माणसांनी एक नमुना बनवलाही होता, त्याला सगळे पापेरिनो म्हणत. हे डोनाल्ड डकचं इटालियन नाव. दिसायला बदकासारखाच होता आणि मधे इंजिनचा उंचवटा असल्यानं पाय टाकून चढावं लागे. मालकाला तो काही आवडला नाही. त्यानं १९४५ मध्ये दास्कानिओला बोलावलं.

हेलिकॉप्टरवाल्या माणसाला सांगितलं, बाबा रे, फटफटी कर. आणि त्याला तर फटफटीचा तिटकारा. पण मला वाटतं, तिटकारा होता म्हणूनच जमलं. त्यानं चांगली मोटरसायकल कशी करावी हा विचारच केला नाही. मोटरसायकलमध्ये आपल्याला काय काय आवडत नाही ते बघितलं आणि एकेक काढून टाकलं.

चढताना तंगडी वर करून टाकावी लागते? मग इंजिन मधून उचलून मागे चाकाशी नेलं. मधली जागा मोकळी झाली. धोतर, झगा, साडी, काहीही नेसलेलं असो, बसता येऊ लागलं. (साडीचा विचार त्यानं केला नसणार, पण फायदा आपल्याला झाला.) साखळीचं तेल कपड्यांवर उडतं? मग साखळीच नको. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक हे एकाच तुकड्यात आणलं, ताकद दातेरी चक्रांतून थेट चाकाला. पायानं गिअर टाकताना बूट खराब होतो? गिअर हँडलवर, डाव्या मुठीत, क्लचच्या सोबत. चाक पंक्चर झालं की दोन्हीकडचे नट, साखळी, ब्रेक सगळं सोडावं लागतं? इथे त्याला विमानाचं चाक आठवलं. विमानाचं चाक एकाच बाजूच्या दांड्यावर असतं. त्यानं स्कूटरचं पुढचं चाकही तसंच एका बाजूनं धरलं. कारच्या चाकासारखे चार-पाच नट काढले की चाक हातात. पुढे तर स्टेपनीही आली. नळ्यांची फ्रेम काढून त्यानं विमानाच्या धडासारखा दाबलेल्या पत्र्याचा पोकळ सांगाडा केला, तोच फ्रेम आणि तोच बॉडी. गुडघ्यापुढचा पत्रा चिखल अडवायला. इंजिन पत्र्याखाली झाकलं गेल्यामुळे त्याला वारा लागणार नव्हता, म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती बसवली. इंजिन फिरलं की स्वतःच स्वतःला वारा घालतं.

२३ एप्रिल १९४६ ला फ्लॉरेन्समध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. पहिल्या गाडीचं इंजिन ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ताकद सुमारे ३.२ अश्वशक्ती, तीन गिअर, वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत. मालकानं नमुना बघितला. मागचा भाग रुंद, कंबर बारीक, आवाज गुणगुणल्यासारखा. त्याला गांधीलमाशी आठवली आणि तेच नाव पडलं, वेस्पा. इटालियन भाषेत वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. १९५३ च्या रोमन हॉलिडे सिनेमात ऑड्री हेपबर्न आणि ग्रेगरी पेक तिच्यावर बसून रोमभर फिरले आणि १९५६ पर्यंत दहा लाख गाड्या तयार झाल्या.

इटलीहून ही गांधीलमाशी उडत महाराष्ट्रात आली. बजाजांच्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशननं १९४८ पासून परदेशी दुचाकी-तीनचाकी आणून विकायला सुरुवात केली. १९५९ मध्ये सरकारचा परवाना मिळाला आणि मग पियाजोच्या सहकार्यानं वेस्पा १५० इथे बनू लागली. पुण्याजवळचं आकुर्डी हे तिचं माहेर झालं. (तिची इटालियन सवत लँब्रेटा तिकडे मुंबईत भांडुपला बनत होती.) १९७१ मध्ये करार संपला, वेस्पा हे नाव गेलं, पण आकार राहिला. १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन ती चेतक झाली. नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. हुंड्यात मागितली जाई, हेही खरं आहे आणि ते कौतुकानं सांगण्यासारखं नाही.

आता माझ्या घाटाची गोष्ट. आमचं गाव घाटाखाली. बुलढाणा जिल्ह्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, आपल्या जिल्ह्याचे दोनच भाग, घाटावर आणि घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, मोताळा, शेगाव हे खाली. बुलढाणा, चिखली, मेहकर हे वर. मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा चढ. बाबांकडे त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली टू-स्ट्रोक स्कूटर आहे. बाबा त्या स्कूटरवर वीसेक वर्षं ड्युटीला गेले. मी शाळेत पहिल्यांदा गेलो तो पुढे उभा राहून. ती गाडी गेल्या वर्षी ओढेनाशी झाली. सुरू व्हायची एका किकमध्ये, आयडलिंगला मस्त, पण रेस दिली की घरघर आणि वेग पस्तीसच्या वर नाही. एका गॅरेजमध्ये न उघडताच सांगितलं की बोअर गेलं, पिस्टन-रिंगा सगळं नवीन लागेल. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा होता. बाबा भंगारवाल्याला फोन करायच्या बेतात होते. मी म्हटलं, एकदा मी नेऊन बघतो.

मी आणि इलेक्ट्रिकलचा एक दोस्त डबलसीट निघालो. राजूर घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी सेकंडमध्येही मरायला लागली. मग वळवली आणि खाली मोताळ्याला आलो. उतारावर सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात. फक्त एक सांगून ठेवतो, टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच येतं. लांब उतारावर गिअरमध्ये ठेवून रेस पूर्ण बंद केली तर पेट्रोलबरोबर तेलही बंद. मधून मधून थोडी रेस द्यावी.

मोताळ्याला एक म्हातारे मिस्त्री भेटले. हात काळे, चष्म्याला दोरी. त्यांनी गाडी सुरू करायलाच मनाई केली. न्यूट्रल करा अन् हातानं ढकला म्हणाले. आम्ही ढकलली. हलकी गेली. मागच्या ड्रमला हात लावला, गरम नव्हता. म्हणजे ब्रेक चिकटत नव्हता. मिस्त्रींचं म्हणणं, निम्म्या गाड्यांचं इंजिन उगाच खोलतात, अन् चोर ब्रेकमधी बसलेला असतो नाहीतर टायरमधी हवा नसते. मग क्लच. चढावर इंजिनचा आवाज चढतो अन् गाडी तिथंच, असं व्हते का? नाही, आवाजच चढत नाही. म्हणजे क्लच घसरत नाही. मग टाकीचं झाकण बघितलं. झाकणाला बारीक भोक असतं, ते बुजलं की टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल थेंब थेंब येतं. भोक मोकळं होतं. पाइप काढून बाटलीत पेट्रोल सोडलं, धार चांगली. एअर फिल्टर मळलेला होता, तो पेट्रोलमध्ये धुतला. प्लग काढला. चांगल्या प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असतं, पांढरं पडलं तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आमचा काळाकुट्ट ओला. मग हातानं किक दाबली. किक चांगली जड होती. मिस्त्री हसले. रिंगा गेल्या असत्या तर किक अशी जड लागलीच नसती, बोअर कायले करता भाऊ!

उरला सायलेन्सर. त्यांनी दोन नट सोडून तो उतरवला आणि तसाच एक फेरा मारायला लावला. आख्खं मोताळा बघायला लागलं इतका आवाज. पण गाडी सुटली! सायलेन्सर आतून काळ्या कठीण थरानं भरत आला होता, भोक करंगळीएवढं. मिस्त्रींनी तो विस्तवात लाल केला आणि ठोकला. ओंजळभर कार्बन पडला.

हे असं का होतं, ते आपल्या आय.सी. इंजिन्सच्या लॅबमधल्या लाल-निळ्या कट-सेक्शन मॉडेलकडे बघितलं की कळतं. फोर-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर ढकलायला पिस्टनचा एक अख्खा फेरा असतो. टू-स्ट्रोकमध्ये तसा वेळच नाही. पिस्टन खाली येताना आधी धुराचं दार उघडतं, लगेच ताज्या मिश्रणाचं, आणि आत येणारं ताजं मिश्रणच जुन्या धुराला धक्का मारून बाहेर काढतं. बाहेरचा रस्ता तुंबला तर धूर आतच रेंगाळतो, आणि जेवढा धूर आत तेवढी ताज्या मिश्रणाला जागा कमी. मलकापूरच्या स्टेशनवर उतरणाऱ्यांनाच वाट दिली नाही तर चढणार कोण? आयडलिंगला थोडाच धूर असतो म्हणून तेव्हा काही जाणवत नाही, रेस दिली की गाडी गुदमरते. आणि कार्बन साचला कशामुळे? बाटलीनं अंदाजे जास्त ओतलेलं टूटी ऑइल आणि गावातल्या गावात हळूहळू चालवणं. मिस्त्रींनी एका माणसाच्या जेवणाएवढे पैसे घेतले आणि फ्लायव्हीलच्या पंख्यातली माती काढून दिली ती फुकट. घाट तिसऱ्या गिअरमध्ये नाही, पण दुसऱ्यात दोघांना घेऊन न थांबता चढला.

मला त्या दिवशी एका गोष्टीचं नवल वाटलं. हे सगळं तपासताना मिस्त्रींनी दोन-तीन पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर यापलीकडे काही वापरलं नाही. बाजूचा गाल उघडला की प्लग समोर. प्रत्येक वस्तू हाताला लागते, आणि एकेक शंका वेगळी करून तपासता येते. ज्या गॅरेजनं न उघडता बोअर सांगितलं त्यांच्याकडे हत्यारं खूप जास्त होती. पत्र्याच्या आत इंजिन झाकूनही ते हाताशी ठेवायचं, ही मला दास्कानिओची खरी करामत वाटते. घाटात अडकलेल्या विमानाला मिस्त्री मिळत नाही. जो माणूस विमानाच्या इंजिनांशी वागलेला आहे तो दोष शोधायची वाट आधीच आखून ठेवणार.

त्याच्या गाडीत खोट नव्हती असं मात्र नाही. इंजिन उजव्या बाजूला लटकलेलं, त्यामुळे सारं वजन तिकडे. छोट्या चाकांना आपल्या रस्त्यांवरचे खड्डे मोठे पडतात. स्कूटर तिरपी करून किक मारायची आपली पिढीजात कसरत तर प्रसिद्धच आहे. आणि टू-स्ट्रोकचा धूर! धुराला धक्का मारताना ताज्या मिश्रणातलं थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पळतं. हा दोष त्या इंजिनाच्या जातीचा आहे. इंग्लंडच्या जोसेफ डेनं १८९० च्या आसपास ते सुटसुटीत केलं तेव्हापासून तो आहे. २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या कारखान्यातून बंद झाल्या, आणि ते योग्यच झालं. बाबांच्या गाडीमागे चालणाऱ्याच्या नाकाला विचारा.

दास्कानिओकडे परत येतो. वेस्पानंतर त्याच इंजिनावर त्यानं १९४८ मध्ये मालवाहू तीनचाकी काढली. गांधीलमाशीची कष्टाळू बहीण म्हणून नाव मधमाशीचं, इटालियनमध्ये आपे. होय, तीच आपे! बाजाराच्या दिवशी जिच्यात माणसं, कोंबड्या आणि कांद्याची पोती एकत्र बसतात ती आपे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या बारामतीत बनते. आपे म्हणजे डोसा-आप्पे असं समजणारे आमच्या मेसमध्ये दोघेजण निघाले.

पैसा आणि नाव या दोन गाड्यांनी दिलं, तरी त्याच्या टेबलावर हेलिकॉप्टरचेच कागद असत. पियाजोमध्येच त्यानं पुन्हा हेलिकॉप्टरं बनवून पाहिली. ती उडालीही. पण तोवर अमेरिकेत सिकोर्स्कीची हेलिकॉप्टरं कारखान्यातून रांगेनं बाहेर पडत होती आणि कंपनीचा नफा स्कूटरवर होता. हेलिकॉप्टरचं काम गुंडाळलं गेलं. दोन वेळा हातातोंडाशी आलेलं गेलं. पहिल्यांदा कंपनीकडे पैसा नव्हता म्हणून, दुसऱ्यांदा कंपनीकडे स्कूटर होती म्हणून. ती स्कूटर त्याचीच.

१९६१ पर्यंत तो पिसाला मशीन ड्रॉइंग शिकवत राहिला. १९६४ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, जेव्हा लोक नातवंडं खेळवतात, त्यानं पियाजो सोडली आणि हेलिकॉप्टर बनवणाऱ्या आगुस्ता कंपनीसाठी काम सुरू केलं. तिथे शिकाऊ वैमानिकांसाठी एक छोटं हेलिकॉप्टर आखलं. ६ ऑगस्ट १९८१ ला पिसामध्ये तो वारला. त्या साली आपल्याकडे स्कूटरसाठी नाव नोंदवलेले लोक अजून नंबर लागायची वाट बघत होते.